घोडीचं पाणी

आमच्या सांगोला तालुक्यात जुनी माणसं विहिरीची पारख करताना तीन गोष्टी बघायची. झरा कुठल्या अंगाचा आहे, बैलांची धाव किती लांब आहे आणि हाळ केवढा आहे. आता धाव आणि हाळ हे दोन्ही शब्द नव्या पोरांना समजावून सांगावे लागतात. मोटेचे बैल नाडा ओढत ज्या उतारावरून खाली जायचे ती धाव. मोट वर आली की पाणी थारोळ्यात पडायचं आणि तिथनं पाटानं पिकाला जायचं. थारोळ्याच्या बगलेला एक भोक ठेवलेलं असायचं. त्यातला चिंधीचा बोळा काढला की पाणी शेजारच्या लांबट दगडी कुंडात उतरायचं. ते कुंड म्हणजे हाळ. कुठं त्याला डोण म्हणायचे. वडारांनी विहीर खोदायची, पाथरवटानं हाळ घडवायचा, आणि मालकानं पहिली मोट हाळात सोडून मगच पिकाकडं वळवायची, अशी रीत होती. हाळावर मालकाचीच जनावरं प्यायची असं नव्हतं. वाटेनं जाणारं कुणाचंही जनावर प्यायचं. त्याला परवानगी लागत नव्हती.

हे सगळं मला आठवतं ते घोड्यांमुळं. आमचं घर मेंढरंवाल्यांचं. माण नदीपासून दोन कोसांवर, खडकाळ माळावर आमची वस्ती. तीनेकशे मेंढरं, आणि बिऱ्हाड वाहायला तीन-चार घोड्या. दसरा झाला की वाडा हलायचा. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे, मेंढरांचा वाडा. घोडीच्या पाठीवर घोंगडी, जेन, वाघर, भांडी, पिठाची पिशवी, वरती बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यांत वर एखादं चालता न येणारं पोर. मीही असाच घोडीवर बांधून आटपाडी, म्हसवड करत कृष्णाकाठाला गेलेला आहे. पुरुष मेंढरांमागं, आणि घोड्यांची लगाम बायकांच्या हातात. मुक्कामाला बिऱ्हाड उतरवायचं, घोड्यांना पायबंद घालून सोडायचं आणि पाणी बघायचं, हे आज्जीचं काम.

आमच्या घोड्या दिसायला काही देखण्या नव्हत्या. अकलूजच्या बाजारात येणारी मारवाडी, काठेवाडी घोडी बघितली की आमचं जनावर तट्टू वाटायचं. पण त्याच तट्टाला भीमथडी म्हणतात, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. भीमेच्या थडीवर वाढलेलं, बुटकं, चिवट, हलक्या चाऱ्यावर निभावणारं. मराठ्यांची फौज याच जनावरावर बसून हिंदुस्थानभर फिरली. राजा बढे यांचं जे गीत 2023 साली महाराष्ट्राचं राज्यगीत झालं, त्यातही भीमथडीची तट्टं आहेत, आणि त्यांना पाणी पाजायचं आहे ते थेट यमुनेचं. मी ते गाणं लागलं की दरवेळी थांबतो. यमुनेचं सोडा, आमच्या माळावर पाण्याचा एक पोहरा मिळवताना काय व्हायचं ते मला ठाऊक आहे.

घोडदळ म्हणजे तलवारी आणि निशाणं, असं आपण पुस्तकात वाचतो. पण घोडदळ म्हणजे आधी पाणी. आमच्याच जिल्ह्यात त्याची दोन ठिकाणं आहेत. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठावर ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी 1695 पासून 1699 पर्यंत होती. तिथंच माचणूरचा किल्ला आजही उभा आहे. दिल्लीचा बादशहा चार वर्षं या वैराण मुलखात भीमेचा काठ धरून का बसला, याचं उत्तर इतिहासकार राजकारणात शोधतात, ते बरोबरच आहे. पण आमच्या आबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, येवढी जनावरं दुसरीकडं पाजणार कुठं? एका घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर धरलं, तरी दहा हजार घोड्यांना अडीच-तीन लाख लिटर लागतं. उंट, हत्ती, बैल वेगळेच. विहिरीचं ते काम नव्हे.

दुसरं ठिकाण खवासपूर, आमच्या तालुक्यातलं. सातारा घेऊन बादशहा 1700 साली माण नदीच्या पात्राशी उतरला. जनावरांना पाणी जवळ पडावं म्हणून काठ आणि कोरडं पात्र धरूनच छावण्या पडत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री माणला लोंढा आला, आणि माणसं, घोडी, तंबू वाहून गेले. बादशहाचा पाय जायबंदी झाला, तो कायमचा. वर्षातले दहा महिने वाळू दाखवणारी ही नदी. तिच्यात बादशाही बुडाली हे आमच्याकडं अजून मजेनं सांगतात. मला मात्र त्यातलं एवढंच कळतं, की पाण्याजवळ उतरावं तर नदी बुडवते आणि पाण्यापासून लांब उतरावं तर जनावर मरतं. मेंढरंवाला आयुष्यभर या दोहोंच्या मधली जागा शोधत असतो.

पाणी पाजणं ही नुसती हमाली नव्हती. त्याचे कायदे होते आणि ते आबांनी मला सात-आठ वर्षांचा असतानाच पाठ करून घेतले होते. पहिला कायदा, घोडी आधी, मेंढरं मागनं. मेंढरू गढूळ पितं, शेवाळ बाजूला सारून पितं. घोडी तसं करत नाही. दुसऱ्या जनावरानं तोंड घातलेलं, लाळ पडलेलं, वास मारणारं पाणी असलं तर ती नाक लावते, फुरफुरते आणि मान वर करते. मग तुम्ही काठी घ्या नाहीतर गूळ घ्या. दुसरा, ओझं उतरवल्या उतरवल्या भरपोट पाजायचं नाही. आधी चार घोट, मग अंगावरचा घाम वाळेपर्यंत फिरवायचं, मग पोटभर. तिसरा, कोरडा कडबा घातला त्या दिवशी पाणी दुप्पट बघायचं. घोडीला ओकारी होत नाही. पोटात कोरडा चारा गोळा होऊन बसला की शूळ उठतो, आणि शूळ उठलेली घोडी वाचणं अवघड.

चौथा कायदा म्हणजे कान बघायचे. घोडी ओठ मिटून पाणी ओढते, कुत्र्यासारखी जिभेनं लपलप करत नाही. त्यामुळं ती पितेय का नुसतं तोंड बुडवून उभी आहे, हे वरनं कळत नाही. पण प्रत्येक घोटाला तिचे कान मागं-पुढं हलतात. आबा हाळाशी उकिडवे बसून कान मोजायचे. घरी आल्यावर विचारायचे,

"पाजलंस का रं?"

"व्हय आबा."

"कानं किती हाललं?"

मी सांगायचो ऐंशी, नाहीतर नव्वद. ते मान हलवायचे.

हाळ होते तोवर हे सोपं होतं. पावसाळ्यात माळावरच्या घळीत, ओढ्याच्या डबक्यात पाणी असायचं. दिवाळीनंतर ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा काढून झरा पाडायचा, वाटीनं पाणी भरायचं. ते घोडीला फार आवडायचं, कारण वाळूतनं गाळून आलेलं असायचं. माघ-फाल्गुनात झरे खोल गेले की हाळ. आमच्या माळाच्या चारी अंगांना चार विहिरी, चार हाळ. कुठल्या विहिरीवर कुठल्या वेळी मोट चालते ते आबांना तोंडपाठ. एका मोटेला शे-दीडशे लिटर पाणी यायचं. सात-आठ मोटांत आमची तीनशे मेंढरं आणि घोड्या पिऊन व्हायच्या. मालकाच्या पिकाला तेवढी झळ बसायची, आणि त्याची फेड म्हणून दोन रात्री मेंढरं त्याच्या रानात बसवायची. लेंड्या-मुताचं खत पडलेल्या रानातली ज्वारी लांबून ओळखू यायची. हिशेब कुणी लिहिला नाही, पण तो चुकलाही नाही.

बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण त्याचा खरा चटका बसला तो त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. बाप आणि चुलते दसऱ्यालाच मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेले होते. एक घोडी गाभण होती. तिला वझं झेपणार नाही म्हणून ती मागं राहिली. ती, आबा, आज्जी आणि मी. आई खडी फोडायला जायची. मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस निघत होते. घोडीचं नाव पवळी. मला जिनं कृष्णाकाठाला नेलं-आणलं तीच.

त्या साली चारातल्या तीन विहिरी आटल्या. चौथीला थोडा पाझर होता, पण ती वस्तीपासून दीड कोसावर. आणि तिच्या मालकानं आदल्याच वर्षी मोट मोडून डिझेलचं इंजिन बसवलं होतं. पहाटे रात्रभराचा पाझर गोळा झाला की इंजिन तासभर चालायचं, पाणी पायपातनं थेट जनावरांच्या चाऱ्याच्या तुकड्याला जायचं. थारोळं मोडलं होतं. हाळ जागेवर होता, पण कोरडा, तळाला चीर गेलेला, आत पाचोळा. मालक वाईट माणूस नव्हता. त्याची स्वतःची बैलं खंगली होती. त्यानं मला सांगितलं, "पोरा, इंजिन मी तुझ्या घोडीसाठी चालवणार न्हाय. पोहऱ्यानं शेंदून घे, मी अडवणार न्हाय." तेवढं औदार्य त्या साली पुष्कळ होतं.

आबांचे गुडघे गेले होते, म्हणून घोडीला नेणं माझ्याकडं आलं. विहीर पन्नास फुटांच्या खाली गेलेली. पोहरा आठ-नऊ लिटरचा. एका घोडीला, तीही गाभण, ते ऊन, चार पोहरे तरी हवेत. सोल ओढून हातांना फोड आले, ते फुटले, आणि त्यांत सोलाचे तंतू शिरायचे. पहिले आठ दिवस मी घमेल्यात चार-चार पोहरे ओतले आणि ती प्यायली. पुढं विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि त्यावर इंजिनच्या तेलाचा तवंग दिसायला लागला. सावलीत जांभळा-हिरवा चमकायचा. पवळीनं नाक लावलं आणि मान वर केली. मी शीळ घातली, घमेलं हलवलं, तिच्या ओठाला पाणी लावलं. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. दुसरा पोहरा काढला, त्यावरही तवंग. हातातनं रक्त येत होतं. ऊन चढलं होतं. मी घमेलं उपडं केलं आणि घोडी घेऊन घरी आलो.

आबांनी विचारलं, "पाजलंस का?"

"व्हय."

"कानं?"

"नव्वद."

असं तीन दिवस झालं. घरातल्या पिण्याच्या घागरीतलं तांब्याभर पाणी आज्जी तिला दाखवायची, त्यावर ती असेल. चारा कडब्याचा, तोही जुना, काळा पडलेला. तिसऱ्या दिवशी आबांनी तिची लीद हातात घेऊन फोडली. सुपारीसारखी कोरडी होती. त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पहिल्यासारखी चटकन बसली नाही, तशीच उभी राहिली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत.

रात्री तिला शूळ उठला. पोटाकडं वळून बघायची, पाय झाडायची, बसायची, उठायची. आबांनी तेल पाजलं, फिरवलं, पोट चोळलं. आज्जीनं घरातली पिण्याची घागर तिच्यापुढं ठेवली, तेव्हा ती प्यायली. खूप प्यायली. मी अंधारात कान बघायचा प्रयत्न करत होतो. पण उशीर झाला होता. उजाडायच्या आत ती गेली आणि पोटातलं शिंगरूही गेलं. ओढायला माणसं गोळा झाली तेव्हा मी गोठ्यामागं बसलो होतो.

आबांनी मला मारलं नाही, बोल लावला नाही, आज्जीला आणि बापालाही कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर आठ वर्षं ते जगले आणि त्या आठ वर्षांत जनावरं पाजून आलो तरी त्यांनी मला कधी "पाजलंस का" असं विचारलं नाही. ते स्वतः काठी टेकत जायचे आणि लीद बघायचे.

त्र्याहत्तरनंतर आमच्याकडं पाण्याची रीतच बदलली. दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी खोल भोकं पाडणारी यंत्रं आली. सोलापुरातच हातपंपाचा एक दणकट नमुना तयार झाला होता, त्याला सोलापूर पंपच म्हणत. त्याच्यावरूनच पुढं 'इंडिया मार्क टू' हा हातपंप घडला आणि तो देशभर, पार आफ्रिकेपर्यंत गेला. आपल्या जिल्ह्याचं नाव असं जगाच्या घशापर्यंत पोचलं याचा मला अभिमान आहे. त्या पंपानं आमच्या आया-बहिणींचा विहिरीत उतरायचा जीवघेणा फेरा वाचवला. पण पंपाला हाळ नव्हता. त्याची तोटी घागरीच्या उंचीची. सांडलेल्या पाण्याच्या खळग्यात शेरडं-मेंढरं तोंड घालायची, घोडी लांब उभी राहायची.

मग वीज आली, मोटारी आल्या. 1980 साली उजनी धरण पुरं झालं, भीमेच्या बाजूला ऊस आला. आमच्या माळाला बोअर आले, आणि सांगोल्याचं डाळिंब नावारूपाला आलं. डाळिंबानं घरं उभी केली, पोरं शिकवली, हे मी नाकारत नाही, माझाही बाग आहे. पण बघा, मोटेचं पाणी आधी उजेडात यायचं, थारोळ्यात पडायचं, पाटानं वाहायचं, आणि मग झाडाला जायचं. त्या वाटेवर चिमणीपासून घोडीपर्यंत सगळ्यांना तोंड घालायला जागा होती. ठिबकचं पाणी सातशे फुटांवरनं निघतं आणि थेंबाथेंबानं मुळाशी जातं. वाटेत ते कुणाला दिसतसुद्धा नाही. पाण्याची नासाडी थांबली ती चांगली गोष्ट झाली. पण ज्याला आपण नासाडी म्हणत होतो त्यात वाटसरू जनावराचा वाटा होता. तो कुणी ठरवून काढून घेतला नाही. हाळ मोडले, दगड पायऱ्यांना वापरले, आणि वाटा गेला.

2012-13 च्या दुष्काळात हे मला पुन्हा दिसलं. तालुक्यात चारा छावण्या उघडल्या होत्या. गाई, बैल, म्हशी दावणीला, चारा-पाणी मोजून. चांगलं काम होतं, हजारो जनावरं वाचली. आमच्या भावकीतलं एक म्हातारं जोडपं कृष्णेकडून लवकर परतलेलं, दोन घोड्या घेऊन एका छावणीवर पाणी मागायला गेलं. वही बघणारा पोरगा भला होता. त्यानं रकाने बघितले आणि म्हणाला, मावशी, घोडीला रकानाच नाही. त्यानं वहीबाहेर दोन बादल्या दिल्या, पण रोज कशा देणार? त्या जोडप्यानं मग घोड्या विकल्या आणि बिऱ्हाडाला जुना टेंपो केला. आता पुष्कळ वाडे टेंपोनंच हलतात. टेंपोला पाणी कमी लागतं, पण तो घाटाच्या पायवाटेनं चढत नाही आणि शिंगरूही देत नाही.

आषाढात पालखी वाखरीच्या अलीकडं बाजीराव विहिरीपाशी आली की घोड्याचं रिंगण होतं. अश्व दौडून गेला की वारकरी त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावतात. मीही लावतो. ज्या विहिरीशी हे घडतं तिला पेशव्याचं नाव आहे, आणि पेशव्याची खरी दौलत म्हणजे भीमथडीचं तट्टू. अलीकडंच कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. रकाना मिळाला एकदाचा. आता त्याला पाणी मिळायला हवं.

त्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी माझ्या बोअरजवळ, वाटेच्या कडेला हाळ बांधला. दहा फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वा फूट खोल. सातशे लिटर बसतं. तीनशे मेंढरं आणि चार घोड्यांचा एक वाडा आला तर उन्हाळ्यात हजारभर लिटर लागतं, म्हणजे दीड हाळ. एक कड उतरती ठेवली आणि तळाला एक मोठा दगड टाकला, म्हणजे पडलेली खार, कोकरू चढून बाहेर येतं. भोवती फरशीचे तुकडे ठोकले, चिखल होऊ नये म्हणून. महिन्याला घासायचा आणि आतनं चुना द्यायचा, म्हणजे शेवाळ धरत नाही आणि वास येत नाही. मोटारीचं ग्रीस, फवाऱ्याची टाकी, औषधाचा डबा, यातलं काहीही हाळाच्या वीस पावलांत येऊ द्यायचं नाही, हा माझा कायदा. गडी हसतात. हसू देत.

खर्च फार नाही. एका डाळिंबाच्या झाडाला घालतो त्याहून थोडं जास्त. आणि मेंढरंवाले काही फुकट पीत नाहीत, दोन रात्री बागेशेजारच्या पडीक रानात वाडा बसवतात. जुना हिशेब आपोआप सुरू झाला.

गेल्या फाल्गुनात एक वाडा उतरला. त्यांच्याकडं दोनच घोड्या राहिल्यात, एक पांढरी, एक तांबडी. त्यांचा नातू नऊ-दहा वर्षांचा, तांबडीला घेऊन हाळावर आला. घोडीनं नाक लावलं, जरा थांबली, मग ओठ बुडवले. पोरगं मोबाइलवर काहीतरी बघत उभं होतं. मी त्याला म्हटलं, "बाळा, कान बघ तिचे."

"कशाला आजोबा?"

"मोज तर खरं."

त्यानं मोबाइल खिशात घातला आणि मोजायला लागला. मीही माझ्या मनात मोजत होतो. तिनं मान वर केली तेव्हा तो म्हणाला चौऱ्याऐंशी. माझे त्र्याऐंशी झाले होते. मी त्याचाच आकडा खरा धरला.